दारावर 'पी' लिहिताना एक प्रश्न विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात पल्स पोलिओ मोहिमेची बातमी आणि फोटो होता. आईच्या कडेवरचं बाळ, त्याचं उघडं तोंड आणि त्याच्या डाव्या करंगळीला शाई लावणाऱ्या आशाताई. तो फोटो मी कापून ठेवला आहे. त्या रविवारनंतर दोन दिवसांनी आमच्या दारात दोन मुली आल्या. एकीच्या खांद्याला लशीचा डबा, दुसरीच्या हातात वही आणि खडू. "मावशी, पाच वर्षांच्या आतलं कुणी आहे का घरात?" मी म्हटलं, नाही गं, माझी भाचीच आता तिशीची झाली. वहीत खूण झाली, चौकटीशेजारी खडूनं 'पी' (म्हणजे या घरात कुणाचा डोस राहिलेला नाही) लिहून झाला, तारीख पडली, बाण निघाला आणि त्या पुढच्या घराकडे वळल्या.

मी बोलत होते तेव्हा माझा डावा हात चौकटीला होता आणि उजवा हात उजव्या मांडीवर. साडीखाली पायाला आधार देणारा कॅलिपर. ज्या आजारासाठी त्या पोरी उन्हातान्हात दारोदार फिरत होत्या, तो आजार झालेली बाई त्यांच्यासमोर उभी होती आणि त्यांच्या वहीत माझ्यासाठी रकाना नव्हता. त्यांचा यात काही दोष नाही. त्यांना जे विचारायला सांगितलं ते त्यांनी नीट विचारलं. मी हे पत्र त्या रकान्यासाठी लिहिते आहे.

माझं वय ५८. पाच्छा पेठेत राहते, पस्तीस वर्षं शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, फॉल-पिको. वडील गिरणीत होते, आई बिड्या वळायची. १९६८ च्या श्रावणात, मी सव्वा वर्षाची असताना, मला ताप आला. ताप उतरल्यावर आईनं पाळण्यातून उचललं तर उजवा पाय ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता. टॉवेल हा आईचा शब्द. आमच्या गल्लीत घराघरातून टॉवेलचेच माग चालायचे, तिला दुसरी उपमा कुठून सुचणार? पोलिओची इंजेक्शनची लस १९५५ ला निघाली होती, त्यानंतर काही वर्षांत तोंडातून द्यायचे थेंबही आले होते. पण ते सोलापुरातल्या बिडीवाल्या बाईच्या लेकरापर्यंत पोचायला अजून बराच अवकाश होता.

पुढची काही वर्षं तेल, शेक, अंगारे. १९८० च्या फेब्रुवारीत मोठं सूर्यग्रहण लागलं तेव्हा मी चांगली बारा वर्षांची होते. तरी आजीनं मला कमरेपर्यंत मातीत पुरून बसवलं, ग्रहणात पाय सुधारतो म्हणून. आजीवर माझा राग नाही, तिच्याजवळ जे होतं ते तिनं केलं. खरा उपाय त्याआधीच आईनं केला होता. कुणीतरी सांगितलं म्हणून १९७४ ला रात्रीच्या गाडीनं ती मला मुंबईला घेऊन गेली, हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत. १९५५ साली निघालेली ती संस्था आजही आहे. तिथं माझा आखडलेला गुडघा ऑपरेशन करून सरळ केला, प्लास्टर घातलं आणि मग आयुष्यातला पहिला कॅलिपर मिळाला. दोन लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, गुडघ्याला कडी आणि खाली जड बूट. वॉर्डात माझ्यासारखी कितीतरी मुलं होती. एवढी पोलिओची मुलं एका ठिकाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, आणि सगळी पडत-उठत हसत होती.

घरी आल्यावर आईचं एकच वाक्य असायचं: "बसलीस की बसलीसच. ऊठ." सूप मांडीवर घेऊन ती बिड्या वळत असायची आणि मला अंगणात चकरा मारायला लावायची. माझी वेणी तिनं कधी घातली असेल ते आठवत नाही, पण हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकलं आहे. माझ्या पिढीच्या पोलिओ झालेल्या प्रत्येक माणसाला कुणीतरी हेच शिकवलं: जिद्द धर, मागे राहू नको, कुणाकडे मागू नको. आम्ही ते ऐकलं. म्हणून आम्ही शाळा शिकलो, दुकानं टाकली, कारकून झालो, मास्तर झालो. याबद्दल आईचं ऋण फिटणार नाही. पण या वाक्यानं पुढे जे केलं तेही सांगायला हवं.

मी शिवणाची पायमशीन चालवली ती एका पायावर. उजवा पाय नुसता बाजूला ठेवलेला, सगळं काम डाव्याचं. घरात आम्ही त्याला 'चांगला पाय' म्हणायचो, जणू ते त्याचं नावच. चालताना उजव्या हातानं उजवी मांडी दाबून धरायची, म्हणजे गुडघा दुमडत नाही. कॅलिपर दुरुस्तीला गेला की महिना-महिना मी तशीच चालायची. पोलिओ झालेली पुष्कळ माणसं अशी चालतात, वाचकांनी पाहिली असतील. माझ्या प्रत्येक साडीला उजव्या मांडीवर तळहाताएवढा गोल विरलेला असतो. नवी साडी आणली की मी आधी तिथं आतून पट्टी लावते, मग नेसते.

२०१६ च्या दिवाळीआधी पहिल्यांदा कळलं की काहीतरी बिघडलं आहे. दिवाळीचा पंधरवडा म्हणजे आमचा हंगाम, दिवसाला आठ ब्लाउज मी आरामात काढत असे. त्या वर्षी दुपारी तीनच्या सुमाराला डावा पाय मशीनवर चालेनासा व्हायचा. दुखायचा असं नाही. भारनियमनात वीज जाते तसा जायचा. अर्धा तास पडून राहिलं की परत यायचा. मग तो अर्धा तास एक तास झाला. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज बघायला भाचीबरोबर गेले, तिथं थंडीनं दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत निळे पडले. सोलापूरची थंडी ती केवढी! भाचीनं शाल माझ्या पायांना गुंडाळली. मार्चमध्ये घराच्याच पायरीवर चांगला पाय दुमडला आणि मी पडले.

पुढची अडीच वर्षं मी दवाखाने केले. एकानं सांगितलं, वय झालं. मी ५० वर्षांची होते. एकानं कॅल्शियम दिलं, एकानं वजन कमी करा म्हटलं. एकजण म्हणाले, "पोलिओ परत होत नसतो, मनातून काढून टाका." त्यांचं अर्धं बरोबर होतं. पोलिओ परत होत नाही. पण मला होत होतं ते मनात नव्हतं. सगळ्यात जास्त नुकसान एका व्यायामानं झालं. स्नायू कमजोर झालेत, ताकद आणायची तर जिना चढा-उतरा, रोज दहा वेळा, असं सांगण्यात आलं. मी आईची मुलगी. मी पंधरा वेळा केलं. पाचव्या दिवशी मला अंथरुणातून उठता येईना, आणि तेव्हा जी ताकद गेली ती पूर्ण कधी परत आली नाही.

अखेर इथल्याच एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ओळखलं. त्यांनी थायरॉइड, बी-१२, साखर, मणका हे सगळं आधी तपासून बाजूला सारलं, सुया टोचून नसांची आणि स्नायूंची तपासणी करून घेतली आणि मला पहिलाच प्रश्न असा विचारला जो तोवर कुणी विचारला नव्हता: "पोलिओ कधी झाला होता, आणि तेव्हा हा डावा पायसुद्धा थोडा गेला होता का?" आईला जाऊन वर्षं झाली होती, पण मावशीला आठवत होतं. हो, पहिले काही आठवडे दोन्ही पाय गेले होते. डावा परत आला. आम्ही त्याला चांगला म्हणालो आणि विसरलो.

या दुखण्याला पोस्ट पोलिओ सिंड्रोम म्हणतात. बाईंनी केसपेपरच्या मागं झाडाचं चित्र काढून समजावलं. मी ते आमच्या गल्लीच्या भाषेत सांगते. पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशी स्नायू हलवतात, त्या म्हणजे माग चालवणारे कामगार समजा. पोलिओच्या विषाणूनं त्यातले बरेच कामगार एका रात्रीत मारले. जे उरले त्यांनी शेजारचे बंद पडलेले माग बघितले आणि तेही चालवायला घेतले. दोन मागांचा माणूस आठ मागांवर पळू लागला. म्हणून माझा डावा पाय परत आला, म्हणून मी चालले, म्हणून मी शिवलं. पण त्या कामगाराला पन्नास वर्षं सुट्टी नाही. शेवटी तो एकेक माग सोडायला लागतो. पोलिओ झाल्यानंतर पंधरा-वीस, तीस-चाळीस वर्षांनी, सगळं स्थिर झालं असं वाटत असताना, नवी कमजोरी येते, न उतरणारा थकवा येतो, सांधे दुखतात, थंडी सोसत नाही. काहींना श्वासाचा आणि गिळण्याचाही त्रास होतो. आणि हे फक्त लुळ्या अवयवात होत नाही, 'चांगल्या' अवयवातही होतं. पोलिओ झालेल्या शंभरातल्या साधारण २५ ते ४० जणांना हे होतं असं मानतात. हा विषाणू परत जागा झालेला नाही, हे दुखणं संसर्गजन्य नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण माझ्या शेजारणीनं काही दिवस नातवाला माझ्याकडे पाठवणं बंद केलं होतं.

त्याच्यावर औषध नाही. पण उपाय आहे, आणि तो आईच्या वाक्याच्या अगदी उलटा आहे. बाई म्हणाल्या, "थकल्यावर बसू नका, थकण्याच्या आधी बसा." मी रडले. त्या समजल्या असतील वेदनेनं रडते आहे. पन्नास वर्षांत मला बसायला सांगणारं ते पहिलं माणूस होतं.

आता मी मशीनला मोटर बसवली आहे. पाऊण तास काम, पंधरा मिनिटं आडवं. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसाचा थकवा अंगात उरला असेल तर काम जास्त झालं, हे माझं माप. लोखंडी कॅलिपर जाऊन प्लॅस्टिकचा हलका आला. हलका व्यायाम आहे, पण मोजून आणि दम लागायच्या आत थांबून. पूर्ण पडून राहिलं तरी स्नायू जातातच. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांचं भरून ठेवावं लागतं. हौदातून बादल्या उपसणं बंद केलं, छोटी मोटर लावून पाणी ओट्यापर्यंत आणलं. त्या बादल्यांनी माझा उजवा खांदा किती खाल्ला होता ते बंद केल्यावर कळलं. लांब जायचं असेल तर चाकाची खुर्ची घेते. खुर्चीत बसायला मला दीड वर्ष लागलं. आईनं काय म्हटलं असतं, हा विचार सुटत नव्हता. पण खुर्चीत बसून गेले म्हणून मी गेल्या जानेवारीत पुन्हा नंदीध्वज पाहिले, आणि घरी येऊन भाकरी थापायला अंगात जीव उरला होता.

एवढं कळल्यावर मी मापांच्या वहीची मागची पानं उघडली आणि आसपास पोलिओ झालेली जी मोठी माणसं माहीत आहेत त्यांची नावं लिहायला लागले. मला वाटलं चार-पाच होतील. आज २३ आहेत. फक्त आमच्या आणि बाजूच्या पेठांमधली, तीही मी एका जागी बसून, गिऱ्हाइकांना विचारून गोळा केलेली. कुणाची नावं मी इथं देणार नाही. पण त्यात एका टॉवेल कारखान्याचे मेहताजी आहेत. ते सांगतात की दुपारनंतर आकडे डोळ्यांपुढे पोहतात, मालकाला वाटतं झोप काढतात. एका भावाला अपंग म्हणून टेलिफोनचं बूथ मिळालं होतं, त्यावर त्यानं दोन बहिणींची लग्नं केली. आता बूथ गेलं आणि कुबड्या वापरून वापरून दोन्ही मनगटांत मुंग्या येतात. एक निवृत्त शिक्षक रोज सकाळी डोकं ठणकत उठतात, रात्री दचकून जागे होतात. त्यांना वर्षभर झोपेच्या गोळ्या चालू होत्या. छातीचे स्नायू कमजोर झाल्यानं रात्री श्वास पुरत नाही, म्हणून सकाळी डोकं दुखतं, आणि अशा माणसाला झोपेची गोळी घातक ठरू शकते, हे त्यांना मी सांगितलं. एका शिंपिणीनं. सांगायला डॉक्टर हवे होते. आता रात्री तोंडाला मास्क लावून श्वासाला मदत करणारं यंत्र ते वापरतात. पहिल्या आठवड्यानंतर त्यांचा फोन आला, "बाई, मी सहा तास झोपलो."

मोहोळकडची माझी एक मैत्रीण आहे, हाजीअलीच्या वॉर्डातली, पन्नास वर्षांची मैत्री. तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. भूल देण्याआधी कुणी पोलिओचं विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. पायाचा आणि पोटाचा काय संबंध, असं तिला वाटलं. ती शुद्धीवर यायला फार वेळ लागला, थंडीनं दात वाजत होते, श्वास ओढता येईना, एक रात्र आयसीयूत काढली. पोलिओ झालेल्या माणसाला भूल आणि स्नायू सैल करणारी औषधं जास्त चढतात आणि उशिरा उतरतात, त्याला ऊब द्यावी लागते. हे आधी माहीत असेल तर भूलतज्ज्ञ काळजी घेऊ शकतात. आता आम्ही दोघी पाकिटात एक चिठ्ठी ठेवतो: 'मला लहानपणी पोलिओ झाला होता. भूल देण्याआधी कृपया हे लक्षात घ्या.' ज्या वाचकांच्या घरात पोलिओ झालेलं माणूस आहे त्यांनी हे पत्र वाचून दुसरं काही केलं नाही तरी चालेल, पण ही चिठ्ठी आज लिहावी.

आता दाखल्याविषयी. माझ्या अपंगत्वाच्या दाखल्यावर ५५ टक्के आणि 'कायमस्वरूपी' असं लिहिलेलं आहे. तो दाखला १९९७ चा. पुढे ऑनलाइन कार्ड आलं तेव्हा तोच आकडा त्यावर उतरला. डावा पाय गेल्यावर मी फेरतपासणीला गेले. "पोलिओ ना? तो वाढत नसतो," असं म्हणून आकडा तोच ठेवला. बॅटरीवरची तीनचाकी मागितली तर टक्के कमी पडतात असं उत्तर आलं. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले, हे फार चांगलं झालं. अस्थिव्यंगात आम्हीही आहोत. पण तपासताना स्नायूची ताकद मोजतात, सांध्याची हालचाल मोजतात, तोल बघतात. थकवा मोजत नाहीत. सकाळी दहा वाजता, रिक्षातून उतरून, तासभर बाकावर बसलेली असताना माझा डावा पाय पाचपैकी चार गुणांचा भरतो. तोच पाय संध्याकाळी पाच वाजता बघा. माझी साधी विनंती आहे: पोलिओ झालेल्या माणसानं नव्या कमजोरीची तक्रार केली तर 'कायमस्वरूपी' या शब्दावर बोट ठेवून त्याला परत पाठवू नये. कायमस्वरूपी म्हणजे बरं न होणारं. वाढत नाही असा त्याचा अर्थ नाही.

सवलती आम्हाला आहेत, नाकारत नाही. एसटीत ७५ टक्के सवलत आहे, तिच्यावर मी पंढरपूर, तुळजापूर केलं. आता एसटीची पहिली पायरी माझ्या आवाक्यात नाही. तिकीट आहे आणि चढता येत नाही.

भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधली एक लहान मुलगी. तो दिवस मला पाठ आहे, कारण त्याच सुमारास आमच्याकडे सिद्धेश्वराच्या यात्रेत अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक असतो. २७ मार्च २०१४ ला आपला देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. त्या दिवशी मी पेढे वाटले, खरंच वाटले. त्याच्या काही वर्षं आधी, २००९ मध्ये, देशात ७४१ मुलांना पोलिओ झाला होता. ती मुलं आज कॉलेजच्या वयाची आहेत आणि त्यांना कुणीतरी जिद्द धरायला शिकवत असेल. जे मला पन्नाशीत झालं ते त्यांना होईल तेव्हा २०५० साल उजाडलेलं असेल. म्हणजे पोलिओमुक्त देशात पोलिओची माणसं अजून निदान पन्नास-साठ वर्षं असणार आहेत. आणि पोलिओ दिसलेले डॉक्टर मात्र आताच निवृत्त होत चालले आहेत. आजच्या विशीतल्या डॉक्टरांनी पोलिओचा नवा रुग्ण बघितलेलाच नाही, आणि तो त्यांना कधी दिसू नये. पण म्हणूनच जुना रुग्ण समोर आला तर ओळखायला शिकवलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या दहाव्या आवृत्तीत आमच्या दुखण्याला स्वतंत्र क्रमांक आहे, जी-१४. माझ्या सगळ्या जुन्या केसपेपरांवर 'अशक्तपणा' लिहिलेलं आहे.

सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. सिव्हिलमध्ये आठवड्यातून एक दुपार, फक्त एक, जुन्या पोलिओच्या रुग्णांसाठी ठेवता येईल. एक डॉक्टर, एक फिजिओथेरपिस्ट, कॅलिपरचं माप घेणारा एक माणूस, आणि श्वासाची ताकद बघायची फुंकायची नळी. तळमजल्यावर असावं. महापालिकेनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. त्यातला थोडा भाग हलक्या कॅलिपरांना आणि रात्रीच्या श्वासाच्या यंत्रांना देता येईल.

पण दुपार ठेवून माणसं येणार कशी? ती घरात बसून आहेत, वय झालं असं समजून. त्यांना शोधायला वेगळी यंत्रणा लागत नाही, ती आपल्याकडे आहे आणि जगात नावाजलेली आहे. पल्स पोलिओच्या ताया शहरातलं एकही दार सोडत नाहीत. कुठल्या माडीवर कोण राहतं, कुठल्या पालात बाळ आहे, त्यांना माहीत असतं. दारावर 'पी' किंवा, बाळाचा डोस राहिला असेल तर, 'एक्स' लिहिण्याआधी त्यांनी एकच प्रश्न जास्त विचारावा: "लहानपणी पोलिओ झालेलं मोठं माणूस घरात आहे का?" असेल तर वय, आणि अलीकडे काही नवीन त्रास आहे का, एवढं लिहून घ्यावं. एका घराला अर्धं मिनिट लागेल. एका फेरीत सोलापूरची यादी तयार होईल, आणि मग माझ्यासारखीला मापांच्या वहीत नावं लिहावी लागणार नाहीत.

हे मी बाहेरून सुचवत नाही, त्या मोहिमेत मी पहिल्यापासून आहे. १९९५ च्या डिसेंबरात पहिला पल्स पोलिओ झाला, तेव्हा तीन वर्षांच्या आतल्या मुलांना डोस होता. आमच्या शाळेतल्या बूथवर काही आया मुलं घेऊन यायला तयार नव्हत्या, काय काय समज होते. बूथवरच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. मी तेव्हा २८ वर्षांची, लग्नाचं बघणं चाललेलं. मी त्या बायकांसमोर साडी गुडघ्यापर्यंत वर केली आणि कॅलिपर दाखवला. म्हटलं, हे नको असेल तर दोन थेंब द्या. त्यानंतर कितीतरी फेऱ्यांना मी हे केलं. घरच्यांना आवडायचं नाही. पण त्या दिवशी ज्यांना डोस मिळाला त्यातली काही मुलं आज माझ्याकडे आपल्या बायकांचे ब्लाउज शिवायला टाकतात, सरळ पायांनी जिना उतरतात. तेव्हा माझा पाय मोहिमेच्या कामाला आला. आता मोहीम त्या पायाच्या कामाला यावी.

पोलिओ जगात अजून संपलेला नाही, शेजारच्या पाकिस्तान-अफगाणिस्तानात तो आहे. म्हणून डोस प्रत्येक फेरीला द्याच.

पुढच्या फेरीच्या रविवारी मी त्याच शाळेतल्या बूथवर सकाळी आठपासून वही घेऊन बसणार आहे. परवानगी मागितली आहे, मिळाली नाही तर फाटकाबाहेर बसेन. पाच्छा पेठ, भवानी पेठ, अशोक चौकाकडच्या ज्या कुणाला लहानपणी पोलिओ झाला होता, त्यांनी यावं. चालवत नसेल तर घरातल्या मुलाला नाव लिहायला पाठवावं. मी दुपारी बारा ते एक आडवी होते, तेवढा वेळ भाची बसेल. खुर्च्या चार आणते आहे, उभं कुणाला ठेवणार नाही.

आपली,
एक वाचक, पाच्छा पेठ, सोलापूर
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, कृपया छापू नये.)